फिकी काच

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तांदूळ भाजणं. दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की ते निघायचं. शालन बिडाच्या तव्यात दोन मुठी उकडे तांदूळ टाकायची आणि मंद विस्तवावर उलथन्याने हलवत बसायची. खरपूस वास बाहेर सोप्यापर्यंत आला की मी उठून कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायचो. डब्यात गेल्या वर्षीचे भाजलेले तांदूळ असत आणि त्यांत पुरलेली, तिच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी एक गोल काच. आमच्याकडे पावसात चपलांना बुरशी धरते, देवाच्या तसबिरीला धरते, मग दुर्बिणीची काच कुठली सुटायला. भाजलेला तांदूळ ओल पिऊन घेतो. ही युक्ती तिच्या वडिलांची, मास्तरांची.

त्या संध्याकाळीही तसंच केलं. जुने तांदूळ वाटीत ओतले. काच तिने मऊ फडक्याने पुसली, कडेला धरून, मधे बोट न लावता. नवे तांदूळ निवले तसे डब्यात भरले, मधोमध काच ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. जुने तांदूळ टाकून द्यायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पेज करायची, ही रीत मात्र शालनची. वाटीवर बशी झाकता झाकता ती म्हणाली, "फाल्यां चांदण्यांची पेज." उद्या सकाळच्या न्याहारीला ती हे नाव दर वर्षी द्यायची. आणि दर वर्षीसारखंच, माझ्याकडे न बघता, तव्याला राख लावता लावता तिने विचारलं, "आयकलां? खंयची काच बरी आशिल्ली?"

मीही दर वर्षीसारखंच म्हटलं, "गप रव गो."

ती हसली आणि निजायला गेली. कुठली काच चांगली होती, याचं सरळ उत्तर मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं ते मी दिलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिणं मला जड जातं, आणि लिहितो ते मराठीत, कारण शाळेत तेवढंच मिळालं. भांडतो आणि रडतो ते घरच्या बोलीत. तरी हे एवढं लिहून ठेवायचं आहे.

मी मूळचा हळर्णचा. घरी भात, नाचणी, चार माड आणि पाच भाऊ. एकोणिसाव्या वर्षी साखळीजवळच्या एका खाणीवर लागलो, खनिज चाळायच्या प्लँटवर, लाईटवाल्याच्या हाताखाली. राहायची सोय कारापूरला मास्तरांच्या घरी झाली. मास्तर मराठी शाळेतून निवृत्त झालेले. घरात ते, त्यांची बायको माई आणि मुलगी शालन. मला बाहेरच्या बाजूची खोली होती, पण जेवण आतल्या मेजावर, सगळ्यांबरोबर. अजून डोळे मिटले की ते घर कानांत आधी येतं. पहाटे पावाच्या टोपलीवाल्या पोदेराचा भोंगा. मग माई विहिरीवर बाल्दी आपटते तो आवाज. मग टिप्पर सुरू व्हायचे, एकामागून एक, आणि त्या आवाजाखाली दिवसभर दुरून आमच्या प्लँटची खडखड, जणू कुणीतरी डोंगरच सुपात घेऊन पाखडतंय. लाल धूळ सगळीकडे. माई वाळत घातलेले कपडे आधी झटकायची आणि मग घडी करायची. दुपारी मी डबा उघडला की माझ्याबरोबरचे कोल्हापूरकडचे गडी माना लांब करायचे. त्यांच्या भाकरीला माझ्या तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीचा वास सोसत नसे, आणि आमटी मात्र तेच संपवायचे.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोंकणी की मराठी, आणि आम्हाला वेगळं राज्य मिळणार की नाही. भिंती रंगवलेल्या असत. एका बाजूने रात्री लिहायचं, दुसऱ्या बाजूने पहाटे पुसायचं, शेवटी भिंतीवर नुसता ढगासारखा डाग उरायचा. मास्तर मराठीचे कट्टर. पण बायकोला हाक मारायची तर कोंकणीतून आणि वर्गातलं काही गंभीर सांगायचं तर मराठीतून, अशी त्यांची घरातली वाटणी होती. ती त्यांना स्वतःला कधी दिसली नाही.

मास्तरांचं दुसरं वेड म्हणजे आकाश. पास्कू म्हणून त्यांचा एक जुना दोस्त होता, अस्नोड्याचा, बोटीवर काम करणारा. त्याने फार वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या बोटीच्या खिडकीची जाड काच आणून दिली होती. मास्तरांनी दोन वर्षं ती काच दुसऱ्या काचेवर घासून घासून खोलगट केली, तिचा आरसा करून घेतला आणि फणसाच्या लाकडाच्या लांब पेटीत बसवला. परसात ती पेटी आभाळाकडे तोंड करून उभी केली की शेजारी म्हणायचे, मास्तर देवाला पोस्टाने पेटी धाडतायत. त्या दुर्बिणीतून मास्तर अनेक गोष्टी बघत, पण त्यांचा जीव एकाच ठिकाणी. मृग नक्षत्रात तीन चांदण्यांचा बाण असतो, त्याच्या खाली एक धुरकट ठिपका. नुसत्या डोळ्याला ठिपका, दुर्बिणीत पंख पसरलेलं पाखरू. "तो वायूचा ढग आहे," मास्तर मला सांगत, "तेजोमेघ. त्याच्यात नवे तारे जन्मतात." पण घरात सगळे त्याला पाखरूच म्हणत.

मी राहायला गेलो त्या वर्षीपर्यंत पाखरू उडून गेलं होतं. आमच्या खाणीने रात्रपाळी सुरू केली होती आणि टेकडीवर उंच खांबांना मर्क्युरीचे दिवे लावले होते. ते खांबांवर चढवायला मीही होतो. पूर्वेचं आभाळ कायमचं दुधाळ निळसर झालं. त्यात मास्तरांचे डोळे. एक केव्हाच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा दिवस दिला होता, पुढल्या सोमवारचा. मागे पहिल्या डोळ्याची केली होती तेव्हाच तो गेला होता, म्हणून घरात कोणी त्या सोमवारचं नाव काढत नसे. फक्त मास्तर एकदा जेवताना म्हणाले, "मला सोमवारच्या आधी पाखरू एकदा बघायचंय. मग झालं ते झालं." माईने त्यांच्या पानात आणखी भात वाढला. दुसरं ती काय करणार होती?

त्या आठवड्यात पास्कू आला. त्याचं आणि मास्तरांचं भाषेवरून जुंपलं होतं आणि दोन महिने बोलणं बंद होतं. पास्कू फाटकातच उभा राहिला, मास्तर दहा हातांवर सोप्यावर बसलेले, आणि पास्कू माझ्याशी बोलायला लागला.

"मास्तराक सांग, हांव ताचे लागीं उलयनां."

मास्तर मला म्हणाले, "ताका विचार, उलयना जाल्यार आयला कित्याक?"

"म्हज्या बोटीवयलो एक सायब आसा. तोय ह्या मास्तरावरी पिसो, रातीं मळबांत पळयत रावता. ताणें तीन काचो दिल्यात. बरी दिसता ती एक दवरूंक, दोन परत. फाल्यां सांजे हांव वतलों, तेन्ना म्हाका परत जाय."

"ताका सांग, भितर येवन च्या घे."

"ताका सांग, च्या घेतां. पूण उलोवचो ना."

आणि खरंच, बशीभर चहा पिऊन आणि दोन उंडे पाव खाऊन पास्कू एक शब्द न बोलता गेला.

त्याच्या बोटीवरच्या आकाशवेड्या साहेबाने दिलेल्या त्या तीन काचा, एक ठेवायची आणि दोन परत करायच्या, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याला लावायच्या गाळण्या. मास्तरांनी मला समजावलं ते असं. दिव्याचा उजेड एका जातीचा, ढगाचा उजेड दुसऱ्या जातीचा. ही काच दिव्याचा उजेड अडवते आणि ढगाचा तेवढा सोडते. पहिली काच फिकी होती, जांभळट हिरवी. दुसरी तिरपी धरली की आरशासारखी तांबूस झळकायची आणि आरपार बघितलं तर गर्द हिरवी-निळी. तिसरी तर काळीच म्हणा, आत कुठेतरी एक निळी ठिणगी. मास्तर, शालन आणि मी खिडकीशी उभे राहून त्या काचा उजेडावर धरत होतो, कापडाच्या दुकानात पोत बघावा तशा. रात्री दुर्बिणीलाच लावून बघायच्या असं ठरलं, आणि त्याच रात्री नेमकं आभाळ भरून आलं. एक चांदणी नाही. दुसऱ्या संध्याकाळी पास्कू दोन काचा घेऊन जाणार. म्हणजे आभाळ न बघताच निवडायचं.

मास्तर माझ्याकडे वळले आणि शाळेच्या मराठीत म्हणाले, "आत्माराम, माझा डोळा आता साक्षीला चालत नाही. दिवे तुझ्या खाणीचे आहेत. निवड तू कर." आजवर कोणी माझ्यावर असं काही सोपवलं नव्हतं. माझी छाती फुगली.

शालन दाराशी नाचणीचं पीठ चाळत होती. ती सातवी शिकलेली. मला त्याचा राग यायचा आणि तिच्याकडे बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. ती म्हणाली, "फिकी घेयात."

मी म्हटलं, "तुका कितें कळटा? दिवे म्हजे."

"दिवे तुमचे, पूण डोळो बाबांचो. बारीक चाळणीन पीठ बारीक येता खरें, पूण थोडें येता. दांत नाशिल्ल्या मनशाक आमी कणयो घालून पेज करतांव मगे? पयलीं खाणारो पळोवचो, मागीर चाळण काडची."

"चाळण म्हाका शिकय नाका," मी म्हटलं. "हांव दिसभर डोंगर चाळतां."

आणि खरंच तोच माझा माज होता. प्लँटवर एकाखाली एक तीन जाळ्या हलत असत. आम्हाला एकच धडा होता, जाळी जितकी नेटकी तितका माल चोख. ढिल्या जाळीतून माती जाते आणि साहेबाच्या शिव्या खाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला मी तिन्ही काचा खिशात घालून गेलो. अजून अंधार होता. खांबाखाली उभा राहिलो आणि एकेक काच डोळ्याला लावून वरच्या दिव्याकडे बघितलं. फिकीतून दिवा मंद झाला, पण राहिला. गर्द काचेतून जवळजवळ विझला. एवढा मोठा दिवा, आम्ही चार गड्यांनी दोर लावून चढवलेला, एका टिकलीने विझवला. मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसलो. काळ्या काचेतून तर काहीच दिसेना, तेव्हा ती बाजूला टाकली. संध्याकाळी पास्कूला फिकी आणि काळी परत दिली. शालनने नुसतं पीठ चाळल्यासारखे हात हलवून मला दाखवले.

त्याच रात्री आभाळ उघडलं. जेवणं झाल्यावर परसात पेटी उभी केली. काचेचा आटा दुर्बिणीच्या डोळ्याला बसेना म्हणून मी सायकलच्या ट्यूबची रिंग कापून ती घट्ट बसवली होती. आधी मी बघितलं. आभाळ शाईसारखं काळं झालेलं आणि त्यात पाखरू, स्पष्ट, दोन्ही पंख पसरून. मी ओरडलोच. मास्तर स्टुलावर बसले, डोळा लावला. बसले आणि बसलेच. माई पदराशी चाळा करत उभी. बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारलं, "झांकण काडलां मगे रे?"

"काढलंय, मास्तर."

"मग काळोख आहे," ते म्हणाले. अगदी साधेपणाने म्हणाले. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चाचपडत आत गेले.

हे लिहिताना अजून माझे कान तापतात. तेव्हा मात्र मी मनात म्हणत होतो, चूक माझी नव्हे, काचेची. गर्द काच पुरत नाही म्हणजे त्याहून नेटकी पाहिजे, ती काळी. प्लँटवर माल चोख आला नाही की आम्ही आणखी बारीक जाळी घालायचो. शनिवारी दुपारी पाळी संपताच सायकल काढली. आदल्या रात्रीपासूनच रस्ते अडवलेले होते, बसगाड्या नव्हत्या. पास्कूची बोट अजून सुटली नसणार, तो घरीच अडकला असणार, एवढा अंदाज होता. शालनने दारातून विचारलं, "खंयची हाडटले?" कुठली आणणार? मी पायडल मारलं.

डिचोली ओलांडली. मुळगावच्या पुढे रस्त्यावर एक भलं मोठं झाड आडवं पाडलेलं, त्याच्या अलीकडे टायर पेटवलेला आणि पंधरा-वीस माणसं. ती कुठल्या बाजूची होती ते मी आजही सांगणार नाही. दोन्ही बाजूंची माझी ओळखीची माणसं अजून जिवंत आहेत.

"खंय वता रे?"

"अस्नोड्यां."

"आज रस्तो बंद. पयलीं सांग, तुजी भास खंयची?"

"मास्तराचो डोळो वता, सोमाराक," मी म्हटलं. "भास मागीर सांगतां."

सगळे हसले. एकाने माझा खिसा चाचपला, काच निघाली. "हें कितें? बाँब?" मग मला सगळं सांगावं लागलं, दिवे, ढग, पाखरू. एक पोरगेला गडी काच डोळ्याला लावून थेट सूर्याकडे वळला तेव्हा मी त्याच्या हातावर फटका मारला, "कुड्डो जातलो! उज्याकडेन पळय." त्याने पेटलेल्या टायराकडे बघितलं आणि किंचाळला, "आग पाचवी जाली रे!" झालं. भांडण, घोषणा, सगळं बाजूला राहिलं आणि रांग लागली. एकेकाने काचेतून टायराची हिरवी आग बघायची आणि "अगे बाये" करून मागच्याला द्यायची. शेवटी एक म्हातारा उरला, झाडाच्या खोडावर बसलेला, धोतराने नाक पुसत. त्याच्या डोळ्यावर पांढुरका पडदा आलेला. त्याने काच लावली, इकडे धरली, तिकडे धरली. म्हणाला, "म्हाका कांय दिसना. काळोख." पोरं त्याला हसायला लागली. तो कावला. "तुमचे डोळे तरणे, म्हणून तुमकां पुरता," तो म्हणाला, आणि काच माझ्या हातात ठेवली.

काच तीच, आग तीच. वीस जणांना दिसली, एकाला नाही. पयलीं खाणारो पळोवचो. आधी खाणारा बघायचा, मग चाळण, हे दाराशी पीठ चाळता चाळता तिने सांगितलेलं मला मुळगावच्या रस्त्यावर, टायराच्या धुरात कळलं. त्या माणसांनी मला सायकलसकट झाडावरून पलीकडे उचलून दिलं.

पास्कू घरीच होता, गंजिफ्रॉकात, बोट चुकेल म्हणून सगळ्या जगाला शिव्या घालत. मी गर्द काच पुढे केली.

"खंयची जाय?"

"फिकी."

त्याने डबी उघडली, काच दिली. मग म्हणाला, "मास्तर म्हज्याविशीं कितें उलयता?"

"गाळी दिता."

"बरें," पास्कू म्हणाला. "म्हळ्यार घट्ट आसा."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शालन तुळशीपाशी होती. माझ्या हातातली काच तिने लांबूनच ओळखली. त्या वेळी चार शब्द बोलायचे होते, तू म्हणत होतीस तेच खरं. तोंडातून निघालं ते असं, "पास्कूकडेन हीच उरिल्ली." तिने वात सारखी केली. खोटं तिला लगेच कळलं असणार. तीन काचांतली एक माझ्याकडे होती, म्हणजे पास्कूकडे दोन. एवढी वजाबाकी तिला सातवीच काय, पहिलीतही आली असती.

त्या रात्री तिनेच सांगितलं तसं केलं. मास्तरांना स्टुलावर बसवून डोक्यावरून कांबळ घातली, अर्धा तास. आतून ते पाढे म्हणत होते. दुर्बिणीला सर्वात कमी मोठं दाखवणारं भिंग लावलं, कारण चित्र लहान केलं की उजेड दाटतो, आणि त्याच्यावर फिकी काच. मग कांबळीसकट त्यांना डोळ्याशी नेलं. टेकडीवर प्लँट खडखडत होता. कांबळीच्या आत काही हालचाल नाही. माझं सगळं त्या एका म्हाताऱ्या डोळ्यावर टांगलेलं होतं.

आतून आवाज आला, शाळेच्या मराठीत, हळू. "उजवा पंख लांब आहे. डावा जरा दुमडलाय. चोचीपाशी अंधार." मग, "आहे. तिथंच आहे. कुठे गेलं नव्हतं."

त्यांनी हट्टाने माईलाही बघायला लावलं. माईने बघितलं आणि म्हणाली, "धुंवर कसो दिसता. ह्याखातीर म्हजें नुस्तें जळ्ळें." तिची मासळी करपली होती खरी. पण नंतर मी पाहिलं, आत जाताना तिने मास्तरांचा हात धरला होता. मास्तर मला म्हणाले, "पास्कूक सांग, तो गाढव आसा. पूण ताची काच बरी."

आणि शालन माझ्या शेजारी येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही असं, पहिल्यांदा म्हणाली, "आयकलां? खंयची काच बरी?"

मी म्हटलं, "गप रव गो."

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. पुढे मास्तरांना जाड चष्म्यातून मोठी अक्षरं दिसायची, माणसं दिसायची, पाखरू नाही. त्यांनी ते पुन्हा मागितलंही नाही. राज्य झालं तेव्हा डिचोलीच्या बाजूला फटाके वाजले, आणि पास्कू सोप्यावर मास्तरांच्या शेजारी बसून चहा पीत होता. बोलत होते की नाही ते आठवत नाही, भांडत होते हे नक्की. त्याच्या पुढल्या वर्षी शालन माझी झाली. लग्नात मास्तरांनी दुर्बीण दिली नाही, ती त्यांच्या मागून आली. काच मात्र दिली, भाजलेल्या तांदळाच्या डब्यात घालून. मला वाटतं तो डबा त्यांनी मला नव्हे, तिला दिला. दर वर्षी ती विचारायची आणि मी गप बसवायचो. माणसाला वाटतं, ही गंमत आहे, चालू राहील. सांगू कधीतरी. आता लोक मला विचारतात, कशाने गेली? काही झालं नव्हतं तिला. तांदूळ भाजले, हसली आणि निजली.

दुसऱ्या दिवशी पोदेराचा भोंगा वाजला आणि ती उठली नाही. हात लावला तेव्हा समजलं. मी दाराकडे गेलो, कडीवर हात ठेवला आणि थांबलो. एकदा हाक मारली की बायका येणार, आणि मयताच्या घरात चूल पेटत नाही. वाटीतले तांदूळ तसेच राहणार.

मी मागे फिरलो. चूल पेटवली. वाटीवरची बशी काढली, जुने तांदूळ दोन पाण्यांत धुतले आणि भांडं चढवलं. उकड्या तांदळाला वेळ लागतो. तासभर मी तिच्या आणि चुलीच्या मधल्या उंबऱ्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या काचेसाठी निघालो होतो ते. मुळगावचं झाड, हिरवी आग, धोतराने नाक पुसणारा तो म्हातारा. पास्कूकडे दोन काचा होत्या ते. "फिकी बरी," मी म्हटलं. "तुजी. पयल्या दिसापासून." मोठ्याने म्हटलं, तिच्याशी भांडायचो त्याच आवाजात, कारण दुसरा आवाज मला येत नाही.

पेज तळाला थोडी लागली. मीठ घातलं, खारा आंबा काढला, दोन ताटल्यांत वाढली. माझी खाल्ली. मग तिची खाल्ली. भांडी घासून पालथी घातली, चुलीत पाणी ओतलं, कडी काढली आणि शेजारच्या गोकुळाला हाक मारली.